काचेआडचा उन्हाळा

मंडळी, तुळशीचे लग्न आटोपले की ब्लँचर्डस्टाउनमधल्या आपल्या घरांत दरवर्षी एकच प्रश्न फिरू लागतो : ही तुळस आता मार्चपर्यंत जगवायची कशी? डिसेंबरच्या मध्याला इथे सूर्य साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चारनंतर लगेच मावळतो. आमच्या आयटीवाल्यांचे तर जाणेही अंधारात आणि येणेही अंधारात. मग कोणी दिवाळीचा आकाशकंदील नाताळपर्यंत उतरवतच नाही, कोणी मनीप्लँट आणतो, कोणी खिडकीत लाल पॉइन्सेटिया ठेवतो.

थंडीत घरात हिरवे झाड ठेवणे ही इथली पुरातन रीत असावी, असे आपल्याला वाटते. पण जुनी आहे ती हॉली आणि आयव्हीच्या फांद्या तोडून आणून घर सजवण्याची रीत. कुंडीतले जिवंत झाड घरात आले ते बऱ्याच उशिरा, कारण त्याला तीन गोष्टी लागतात : ऊब, उजेड आणि उजेड आत येऊ देणारी काच. काच महाग होती. तिच्यावर भला मोठा अबकारी कर होता, तो १८४५ साली उठला.

याच सुमारास आपल्यापासून अगदी जवळ, ग्लासनेविनला एक मोठे काम चालले होते. तिथली वनस्पती बाग १७९५ साली डब्लिन सोसायटीने सुरू केली. तिथे १८४३ पासून पुढच्या सहा वर्षांत लोखंड आणि काचेची वक्राकार इमारत उभी राहिली. तिचा मोठा भाग रिचर्ड टर्नर या डब्लिनच्या लोखंडकाम करणाऱ्या कारखानदाराचा. लंडनच्या क्यू बागेतले प्रसिद्ध पामगृह बांधणाराही हाच. डब्लिनच्या जानेवारीत या काचेआड उष्ण कटिबंधातली झाडे पालवत होती.

आता त्याच बागेतली दुसरी तारीख पाहा. २० ऑगस्ट १८४५. बागेचे प्रमुख डेव्हिड मूर यांना तिथल्या बटाट्याच्या वाफ्यात करपा दिसला. पुढे काय झाले ते आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने गेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग केले होते. सर्वांत खालचा वर्ग म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी, आणि देशातली पाचांपैकी जवळजवळ दोन घरे त्या वर्गात मोडत होती. त्यांतल्या कित्येकांना खिडकीच नव्हती. झाडांसाठी काचेचा महाल उभा राहत होता तेव्हा माणसे अशा घरांत मरत होती. टर्नरच्या कारागिरीचे मला मनापासून कौतुक आहे, पण त्या इमारतीत शिरताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

दूरदेशीची झाडे इतक्या लांब जिवंत पोचली कशी, त्याची गोष्ट गमतीची आहे. नॅथॅनिएल वॉर्ड हा लंडनचा डॉक्टर. १८२९ साली त्याने पतंगाचा कोश ओल्या मातीत, बंद काचेच्या बरणीत ठेवला होता. मातीतून नेच्याचे रोप आणि थोडे गवत उगवले, तेही पाणी न घालता! मातीतला ओलावा वाफ होऊन काचेला लागत होता आणि थेंब होऊन परत खाली येत होता. १८३३ साली अशा दोन बंद पेट्या जहाजावरून सिडनीला गेल्या आणि आतली झाडे सुखरूप उतरली. त्यानंतर तर हा रोजचा व्यवहार झाला. आसामचे रबराचे झाड युरोपच्या दिवाणखान्यांत दिमाखात उभे राहिले. या हौसेची दुसरी बाजूही होती. नेचे गोळा करण्याचे इतके वेड पसरले की किलार्नी नेचा इथल्या डोंगरांतून जवळपास नाहीसा झाला.

उलट दिशेनेही ये-जा होतीच. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती बाग १८२८ साली सुरू झाली. १८३८ पासून ती अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होती. तिथे देशी झाडांबरोबर परदेशी झाडेही वाढवून पाहत. गिब्सनने तिथली चित्रे काढून घेतली, ती आज एडिनबरोच्या बागेत जपून ठेवलेली आहेत. चित्रे काढणारा भारतीय होता. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

पॉइन्सेटिया मूळचा मेक्सिकोचा. त्याची लाल 'फुले' म्हणजे खरे तर पाने, आणि ती रंगतात रात्री लांबल्या की! ज्या अंधाराने आपला जीव कोंदटतो, तोच त्याला मानवतो.

तुळशीचे तसे नाही. दहा अंशांखाली ती हातपाय गाळते. तिला दक्षिणेकडची खिडकी द्यावी, पण खालचा रेडिएटर चालू असेल तर कुंडी बाजूला घ्यावी. रात्री पडद्यामागे थंड काचेला चिकटून ठेवू नये. पाणी वरची माती कोरडी झाल्यावरच. बहुतेक तुळशी थंडीने नव्हे, प्रेमाने घातलेल्या जास्त पाण्याने जातात. पेरण्यासाठी मंजिऱ्या ठेवाव्यात, म्हणजे वसंतात निराशा नको.

खिडकीत काही ठेवायची इथली खरी जुनी चाल मेणबत्तीची. नाताळच्या रात्री वाटसरूला वाट दिसावी म्हणून ती लावत. १९९० साली मेरी रॉबिन्सन अध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांनी फिनिक्स पार्कमधल्या निवासाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा ठेवला, देश सोडून गेलेल्या आयरिश माणसांसाठी. आपल्या आईने दारात पणती ठेवून आपल्या येण्याची वाट पाहावी, तसाच हा प्रकार.

टर्नरची काचघरे १९९५ साली दुरुस्त होऊन पुन्हा खुली झाली, शेजारचे १८८४ चे मोठे पामगृह २००४ साली. प्रवेश विनामूल्य आहे. हिवाळ्यात मात्र बाग लवकर बंद होते, तेव्हा रविवारी जेवण उरकून लगेच निघावे. आत शिरताना चष्म्यावर वाफ धरते, मुलांना त्याची फार मजा वाटते.