ज्ञानाचा प्रवास

यात्रेकरू जसा गावोगाव हिंडतो, तसे ज्ञानही हिंडते. पर्यटनशास्त्राचेच पाहा ना! १९६० नंतरच्या दशकात जर्मन भूगोलज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी लिहिले की अनोळखी, निवांत जागी आधी चित्रकार जातात, मग कवी, मग सिनेमावाले नि खवय्ये. गर्दी झाली की चित्रकार दुसरी जागा धुंडाळतात.

रिचर्ड बटलर यांनी हा धागा उचलला. बाजारात मालाचा खप वाढतो नि ओसरतो, या व्यापारातल्या विचाराशी त्यांनी तो जोडला. पर्यटनस्थळ बहरते, साचते; मग उतरणीला लागते किंवा नवी उभारी धरते, असे त्यांनी १९८० साली कॅनडातल्या भूगोलाच्या नियतकालिकात मांडले. देशोदेशीच्या अभ्यासकांनी ते आपापल्या बेटांवर, किनाऱ्यांवर पडताळले. कुठे जुळले, कुठे नाही. २००६ साली त्यावर दोन खंड निघाले.

पण गुरुजी, हे ज्ञान कपाटातच राहिले तर? ज्या गावच्या विहिरीचे पाणी पाहुण्यांना पुरवायचे, त्या गावाला ते आधी कळायला हवे. जवळपास किल्ला किंवा धबधबा असेल, तर मुलांकडून वहीत नोंद करवून घ्या: पाहुणे किती आले, पाणी किती लागले, कचरा किती उरला. गावाला किती गर्दी सोसेल, हे ती वहीच सांगेल.