खाचेवाचूनची वाट

ग्रामोफोनच्या सुईला वाट शोधावी लागत नसे. तबकडीवर खाच कोरलेली. तिच्या दोन भिंतींमधून सुई आपोआप सरकत जाई. हॉलंडातील आइंडहोव्हनला फिलिप्सच्या प्रयोगशाळेत क्लास कॉम्पान आणि पीट क्रामर यांनी सुईच्या जागी प्रकाशकिरण योजला आणि १९७२ साली तशी चित्रतबकडी चालवून दाखवली. पण किरणाला धरून ठेवणार कोण?

अडचण केवढी, ते १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवरून पाहावे. शेजारच्या दोन ओळींत अंतर ०.००१६ मिलिमीटर. मधले भोक केसभर बाजूला पडले की प्रत्येक फेऱ्यात वाट चाळीसेक ओळींइतकी झुलते. आणि फेरे मिनिटाला २०० ते ५००!

पुढे अनेक यंत्रांत रूढ झालेली तोड अशी. मुख्य किरणाबरोबर आणखी दोन किरण सोडायचे, एक ओळीच्या किंचित डाव्या अंगाला, दुसरा उजव्या. ओळीतल्या खळग्यांवरून प्रकाश कमी परततो. दोघांचा परतलेला प्रकाश सारखा, तर वाट बरोबर. फरक पडला, की मुख्य किरण कोणीकडे ढळला ते कळते. लगेच तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून भिंग तितकेच सरकवले जाते. रेघ सोडून लिहिणाऱ्या पोराचा हात आम्ही मास्तर असाच सरकवतो, फक्त इतक्या चपळाईने नव्हे!

अमेरिकेतील आरसीए कंपनीने मात्र आपल्या चित्रतबकडीत खाच आणि सुई सोडली नाही. तिची यंत्रे १९८१ साली विक्रीस आली. १९८४ साली ती बनवणे कंपनीने थांबवले.