चकतीवरच्या चार अक्षरांची कुळकथा

नवा डिजिटल कॅमेरा हातात आला की पहिला गोंधळ उडतो तो त्याच्या माथ्यावरच्या चकतीपाशी. पी, ए, एस, एम ही चार अक्षरं. कॅमेरा कॅनन किंवा पेंटॅक्सचा असेल तर ए आणि एसच्या जागी एव्ही आणि टीव्ही. शिवाय फूल, डोंगर, धावणारा माणूस अशी चित्रं, आणि बऱ्याचदा एक हिरवी चौकट. फोटोग्राफीचे वर्ग घेणारे ही चकती बहुधा चढत्या क्रमाने शिकवतात. हिरवी चौकट नवशिक्यांसाठी, पी जरा सरावलेल्यांसाठी, मग ए-एस, आणि शेवटी एम. त्यातून एक समज घट्ट बसला आहे की एमवर फोटो काढतो तोच खरा फोटोग्राफर. या अक्षरांचं कूळ शोधत गेलं की हा समज टिकत नाही. त्यांचा जन्म कुणाच्या पात्रतेवरून झालेला नाही. ज्या त्या काळात यंत्राला जेवढं जमलं, तेवढं एकेक अक्षर चकतीवर आलं.

एम म्हणजे मॅन्युअल, हे घरातलं थोरलं. पण त्याला नाव मिळालं फार उशिरा, कारण दुसरं काही नव्हतंच. 1839 मध्ये पॅरिसला दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागत. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण परत लावायचं, हेच शटर. भिंगातून प्रकाश किती येऊ द्यायचा ते ठरवायला 1858 मध्ये जॉन वॉटरहाउस या इंग्रजाने वेगवेगळ्या आकाराची भोकं पाडलेल्या पट्ट्या भिंगाच्या नळीतल्या खाचेत सरकवायची युक्ती काढली. अ‍ॅपर्चर बदलायचं म्हणजे पट्टी बदलायची. आपल्याकडे मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्यांच्या पिढीकडे प्रकाश मोजायचं विजेचं यंत्र नव्हतं. डोळ्यांचा अंदाज आणि आधी बिघडलेल्या फोटोच्या काचांचा अनुभव, एवढंच भांडवल.

या अंदाजाला गणितात बसवलं ते फर्डिनंड हर्टर आणि व्हीरो ड्रिफिल्ड या जोडगोळीने. इंग्लंडमधल्या विडनेस गावच्या रासायनिक कारखान्यात एक रसायनशास्त्रज्ञ, दुसरा इंजिनिअर. नोकरी सोडा बनवण्याची, नाद फोटोचा. किती प्रकाश पडला की काच किती काळी होते, याचे आलेख त्यांनी 1890 मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी 1888 मध्ये त्यांनी सरकपट्टीसारखं एक साधन काढलं होतं. वर्षातला दिवस, घड्याळातली वेळ आणि गावाचा अक्षांश जुळवला की प्रकाश किती असेल याचा हिशेब मिळे. याच वर्षी जॉर्ज ईस्टमनने शंभर फोटोंचा रोल भरलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, ज्यात ठरवण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. ठरवायचं कुणी, माणसाने की यंत्राने, हा वाद तेव्हापासूनचा.

यंत्राच्या बाजूने पहिला मोठा डाव पडला तो सेलेनियमच्या घटामुळे. त्यावर प्रकाश पडला की अगदी क्षीण वीज तयार होते आणि तिच्या जोरावर मीटरचा काटा हलतो. 1932 पासून वेस्टन कंपनीचे हातात धरायचे मीटर मिळू लागले. काटा वाचायचा, मग कॅमेऱ्यावर आकडे लावायचे. 1938 मध्ये कोडॅकने हा काटाच कॅमेऱ्यात बसवला. सुपर सिक्स-20 नावाच्या त्या कॅमेऱ्यात शटर स्पीड आपण निवडायचा. बटण दाबलं की आतला काटा जिथे असेल तिथे चिमटला जाई, आणि तो कुठे अडकला आहे त्यावरून अ‍ॅपर्चरची पाती किती मिटायची ते ठरे. किंमत 225 डॉलर. हजारभरसुद्धा विकले गेले नाहीत, पण जगातला पहिला स्वयंचलित एक्स्पोजरचा कॅमेरा म्हणून त्याचंच नाव घेतात.

आता यात नीट पाहण्यासारखं असं की कोडॅकने एस (शटर स्पीड आपल्या हाती) आधी आणला, ए (अ‍ॅपर्चर आपल्या हाती) नाही. त्याला कलेचं काही कारण नव्हतं. काट्याच्या जागेवरून पातीला अडथळा घालता येतो; पण स्प्रिंग आणि दातेरी चाकांच्या शटरला ‘सेकंदाचा अमुक भाग थांब’ असं त्या क्षीण विजेने सांगायचं कसं? ते शक्य नव्हतं, म्हणून वेळ माणसाच्या हाती राहिली आणि अ‍ॅपर्चर यंत्राकडे गेलं. 1965 मध्ये कोनिकाने ऑटो-रिफ्लेक्स आणला तोही काट्याच्याच तंत्रावर, म्हणून तोही एसवाला. पंढरीच्या वारीतल्या रिंगणाचा घोडा गोठवायला आपण आज एसवर हजारांश सेकंद लावतो. त्या सोयीचा उगम वेगाच्या हौसेत नाही, विजेच्या दुबळेपणात आहे.

ए यायला इलेक्ट्रॉनिक्सची वाट पाहावी लागली. शटर किती वेळ उघडं राहावं हे जेव्हा स्प्रिंगऐवजी सर्किट ठरवू लागलं, तेव्हा उलटी वाटणी करता आली: अ‍ॅपर्चर आपण लावायचं, वेळ कॅमेरा मोजेल. 1966 चा याशिका इलेक्ट्रो 35 याच तत्त्वावर घरोघर गेला. 1971 मध्ये पेंटॅक्सने हे भिंग बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यात आणलं. पेंटॅक्सची आणखी एक अडचण त्यात सुटत होती. त्यांची भिंगं आट्यांनी फिरवून बसवायची. अ‍ॅपर्चर किती मिटवायचं हे कॅमेऱ्याने भिंगाला कळवायला नेमका सांधाच नव्हता. एमध्ये तो निरोप पाठवावाच लागत नाही. निकॉनलाही पुढे एस आणि पी देताना 1981 च्या सुमारास भिंगांमधल्या अ‍ॅपर्चरच्या दांडीची चाल सुधारून घ्यावी लागली. सत्तरच्या दशकात फोटोच्या मासिकांतून ‘ए श्रेष्ठ की एस’ असा वाद रंगायचा आणि दोन्ही बाजू सौंदर्यशास्त्र सांगायच्या. मुळात ज्या कंपनीच्या भिंगाचा सांधा जसा, तसं तिचं तत्त्वज्ञान.

पी म्हणजे प्रोग्रॅम, त्याचा जन्म मात्र दोनदा झाला. पहिला 1959 मध्ये, जर्मनीच्या अग्फा ऑप्टिमात. वेळ आणि अ‍ॅपर्चर दोन्ही एकाच काट्याच्या हवाली. बटण अर्धं दाबायचं. हिरवं दिसलं तर फोटो काढा, लाल दिसलं तर प्रकाश कमी आहे. दुसरा जन्म एसएलआरमध्ये. 1976 चा कॅनन एई-1 हा मायक्रोप्रोसेसर बसवलेला पहिला एसएलआर, पण त्यात एसच होता. 1977 मध्ये मिनोल्टाने एक्सडीमध्ये ए आणि एस एकत्र नांदवले, आणि पुढच्याच वर्षी कॅननच्या ए-1 मध्ये पीसकट चारही भावंडं एका घरात आली. म्हणजे आज जी अक्षरं अनादि वाटतात, त्यांचा पूर्ण संच 1978 च्या आधी नव्हता.

याच ए-1 ने टीव्ही आणि एव्ही ही नावं रूढ केली. टीव्हीचा दूरदर्शनशी काही संबंध नाही हे सांगावं लागतं, कारण विचारणारे असतात. ही नावं एका विसरलेल्या हिशेबातून आली आहेत. पन्नासच्या दशकात जर्मनीतल्या फ्रीडरिश डेकेल या शटर बनवणाऱ्या कंपनीने एक्स्पोजर एकाच आकड्यात सांगायची पद्धत पुढे आणली आणि 1960 मध्ये अमेरिकेत तिला ‘एपेक्स’ नावाच्या प्रमाणपद्धतीचं रूप मिळालं. कल्पना देखणी आहे. अ‍ॅपर्चरच्या एफ/1 ला शून्य म्हणायचं, पुढच्या प्रत्येक टप्प्याला एकेक वाढवायचा; एफ/8 म्हणजे 6. एक सेकंदाला शून्य, अर्ध्याला एक. सेकंदाचा 125 वा भाग म्हणजे 7. दोहोंची बेरीज 13. एफ/5.6 म्हणजे 5 आणि 250 वा भाग म्हणजे 8, बेरीज पुन्हा 13. म्हणून दोन्हीत प्रकाश सारखाच. गुणाकार-भागाकाराच्या भानगडीतून सुटका आणि नुसती बेरीज. पण तेवढ्यात मीटर कॅमेऱ्यातच येऊ लागले, बेरजेची गरज संपली आणि पद्धत अडगळीत गेली. वेळेची किंमत ती टीव्ही, अ‍ॅपर्चरची ती एव्ही, एवढं चकतीवर उरलं. माझ्या मते फोटोग्राफी शिकवताना आजही ही बेरीजच आधी शिकवावी. चारही मोड दहा मिनिटांत समजतात. बेरीज तीच, फक्त कोणता आकडा आपण भरतो आणि कोणता कॅमेरा, एवढाच फरक. पीमध्ये दोन्ही तो भरतो, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत चाक फिरवलं की बेरीज कायम ठेवून जोडी बदलता येते. ज्यांनी पीला हसून सोडून दिलं, त्यांना बहुधा हे चाक सापडलेलं नसतं.

चकतीवरच्या चित्रांची गोष्ट जास्त गमतीची आहे. 1967 च्या ऑलिंपस ट्रिप 35 वर एक डोकं, दोन माणसं, तीन माणसं आणि डोंगर अशी चिन्हं होती, पण ती अंतर सांगणारी. प्रसंग ओळखून कॅमेऱ्याने वागायचं हे नंतर आलं, आणि सुरुवातीला ते पैसे मोजून वेगळं घ्यावं लागे. 1988 मध्ये मिनोल्टाने 7000आय कॅमेऱ्याबरोबर छोटी इलेक्ट्रॉनिक कार्डं विकायला काढली. खेळाचे फोटो काढायचे तर खेळाचं कार्ड, व्यक्तिचित्रासाठी वेगळं. कॅमेऱ्याच्या बाजूला खोचायचं. कॅननने 1990 मध्ये ईओएस 10 ला बारकोड दिला. नमुन्याच्या फोटोंची एक पुस्तिका, प्रत्येक फोटोखाली पट्ट्या. त्यावरून वाचनयंत्र फिरवायचं, ते कॅमेऱ्याला टेकवायचं, आणि कॅमेरा तसा फोटो काढायला सज्ज. खर्च, खटपट आणि खिशात कार्डांचा ढीग. हे टिकणार नव्हतंच. त्याच वर्षीच्या स्वस्त ईओएस 1000 वर चेहरा, डोंगर, फूल आणि खेळाडू सरळ चकतीवर छापले होते. तीच चित्रं आजवर चालत आली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या मेनूचा इतिहास याहून अलीकडचा. स्टीव्हन सॅसनने 1975 मध्ये कोडॅकमध्ये जोडलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक फोटो कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद लागत. त्यात मेनूचा प्रश्नच नव्हता. 1991 चा कोडॅक डीसीएस निकॉन एफ3 च्या अंगावर बांधलेला, म्हणजे बटणं आणि चकत्या रोलच्या काळातल्याच. कॅसिओने 1995 मध्ये क्यूव्ही-10 विकायला काढला आणि त्याच्या पाठीवर 1.8 इंचांचा रंगीत पडदा आला. पडदा आल्यावर मेनूला जागा मिळाली. पितळी चकतीवर एक चिन्ह वाढवायचं तर साचा बदलावा लागतो. मेनूत एक ओळ वाढवायला जागा लागत नाही. मग ओळी वाढतच गेल्या, आणि आज काही कंपन्यांच्या मेनूत माणूस हरवतो. हा सगळा पसारा गरजेतून आलेला नाही. कुणी आवरायला नव्हतं, हेही कारण आहे.

तरी त्यातल्या कामाच्या ओळी ओळखायला एक सोपी खूण आहे: रोलच्या काळात जे दुकानात ठरत होतं, ते आता मेनूत ठरतं. 100 चा रोल भरला की छत्तीस फोटो संपेपर्यंत 100 च. अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन ही रोलच्या संवेदनशीलतेची मापं 1974 मध्ये आयएसओखाली एकत्र आली, पण प्रत्येक फोटोला वेगळा आयएसओ हे डिजिटलचंच देणं. त्यामुळे बेरजेत तिसरा आकडा हलू लागला आणि पेंटॅक्सने 2006 च्या के10डीवर चकतीत एसव्ही आणि टीएव्ही अशी दोन नवी भावंडं आणली. आयएसओ आपण लावायचा, किंवा तेवढाच कॅमेऱ्यावर सोडायचा. व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाच्या रंगाशी जुळवून घेण्याचंही तसंच. सूर्यप्रकाशाचा रोल साधारण 5500 केल्व्हिनसाठी, दिव्यांचा 3200 साठी. लग्नाच्या हॉलमध्ये पहिला रोल घालून बल्बच्या उजेडात काढलेले फोटो पिवळे यायचे, ते स्टुडिओवाल्याचा हात वाईट म्हणून नव्हे. मेनूतला सूर्य, ढग, बल्ब आणि ट्यूब हे त्या दुकानातल्या रोलचे वारस. ‘फाइल नंबरिंग’ ही ओळ मात्र संगणकाकडून आली. 1998 मध्ये जपानी कंपन्यांनी फोल्डरचं नाव डीसीआयएम आणि फाइलचं नाव आठ अक्षरांचं ठरवलं. डॉस या जुन्या संगणक-प्रणालीला तेवढंच झेपायचं. त्यातले शेवटचे चारच आकडे, म्हणून आजही 9999 नंतर कॅमेरा पुन्हा 0001 पासून मोजतो.

मग ही चकती हवीच का? फुजीफिल्मने 2011 मध्ये एक्स100 आणून नाही असं उत्तर दिलं. भिंगाभोवती अ‍ॅपर्चरचं कडं, वर शटर स्पीडची चकती, आणि दोन्हींवर एक ‘ए’ची, म्हणजे ऑटोची जागा. कडं एवर ठेवलं तर एस, चकती एवर ठेवली तर ए, दोन्ही एवर तर पी, एकही नाही तर एम. मोडची चकती नसताना चारही मोड; मला हीच मांडणी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण काय कुणाच्या हाती आहे ते कॅमेरा बंद असतानाही दिसतं.

आणि थोरलं असलं तरी एमला मोठेपणाचा मान द्यायचं कारण नाही. स्टुडिओत, रंगमंचावर किंवा रात्रीच्या आभाळाखाली, म्हणजे प्रकाश ठरलेला असतो तिथे एम उत्तम. ढगाळ दिवशी पालखीबरोबर चालताना दर दोन मिनिटांनी आकडे फिरवत बसणारा फोटो चुकवतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चकती नाही. तरी त्याने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पोटात ‘एक्झिफ’ नावाची नोंद लिहिली जाते. तिच्यात मोडचा एक रकाना आहे: एमला 1, पीला 2, एला 3, एसला 4, आणि पुढे 1990 च्या त्या चित्रांपैकी खेळाला 6, चेहऱ्याला 7, डोंगराला 8. आयफोनच्या साध्या फोटोत तिथे 2 असतो. त्याच नोंदीत शटर स्पीडच्या किमतीचाही रकाना आहे, आणि त्याचं अधिकृत एकक आजही एपेक्सच आहे.