रंग कोणताही द्या, पण आधी हे वाचा

रौप्यमहोत्सवानिमित्त इमारतीला रंग द्यायचा, हे ठरवायला आपल्या सर्वसाधारण सभेला दहा मिनिटं लागली. कोणता रंग द्यायचा, यावर मात्र दोन तास गेले! क्रीम की फिकट पिवळा, हा वाद अजून मिटलेला नाही. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्या सभेत माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तेच इथे लिहितो.

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंग देणारी पूड, ती भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि कुंचल्याने लावता यावं म्हणून घातलेला पातळ द्रव. अजिंठ्याच्या चित्रकारांचंही सामान हेच होतं. मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वर डिंक-सरसासारख्या पदार्थात कालवलेली काव, पिवळी माती, काजळी. निळ्यासाठी मात्र लाजवर्द नावाचा दगड थेट अफगाणिस्तानातून येई.

हा निळा युरोपातही फार महाग होता. स्वस्त पर्याय शोधणाऱ्यासाठी फ्रान्समध्ये १८२४ साली ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं आणि १८२८ साली ते गिमे यांना मिळालं. माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र तापवून तोच निळा तयार होऊ लागला. आपल्या कपड्यांची नीळ ती हीच!

दिवाळीआधी आमचे वडील चुन्याच्या कळ्या पिंपात भिजत घालत. पाणी खदखदायचं आणि आम्हा पोरांना लांब उभं करायचे. मग त्यात थोडी नीळ पडायची, म्हणजे पिवळसर झाक जाऊन भिंत पांढरीशुभ्र दिसे. चुन्याला वेगळा चिकटवणारा पदार्थ लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडीच होतो. पुढे खडूची पूड आणि सरस यांचं डिस्टेंपर आलं. भिंतीला टेकलं की पाठ रंगायची, आठवतंय ना? दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग पसरले. आज आपल्या बहुतेकांच्या भिंतींवर तेच आहेत.

दारं, खिडक्या आणि ग्रिल यांची गोष्ट वेगळी. तिथे ऑइलपेंट. जुन्या ऑइलपेंटमध्ये जवसाचं तेल असे. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात शतकानुशतकं शिशाचा सफेदा घालत, कारण रंग चांगला झाकायचा आणि टिकायचा. पिवळ्या आणि नारिंगी रंगांतही शिसं असे. ते विषारी आहे, हे कळल्यावर १९२१ साली जिनिव्हात इमारतींच्या आतल्या रंगकामात असा सफेदा वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग, ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली.

आपली दारं आणि ग्रिल त्याच्या कितीतरी आधीची. प्रत्येक डब्यात शिसं होतंच असं नाही, पण नुसतं बघून ते कळत नाही. नवा हात देण्याआधी रंगारी पॉलिश पेपरने जुना थर घासतात आणि ती धूळ जमिनीवर बसते. रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच सापडलेलं नाही.

मला हे सगळं ठाऊक होतं. तरी काही वर्षांपूर्वी मी आमची खिडकी कोरडीच घासून घेतली आणि नातू तिथेच खेळत होता. सुदैवाने तो ठणठणीत आहे. पण आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून कमिटीला आणि सर्व सभासदांना एवढीच विनंती. जुना ऑइलपेंट पाणी मारून ओलाच घासायचा, जाळून काढायचा नाही. रंगाऱ्यांना चांगले मास्क द्यायचे. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवायचं. धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. हे सगळं कंत्राटातच लिहून घेऊ.

मग क्रीम द्या नाहीतर पिवळा, माझं मत बहुमताबरोबर!