आत्महत्येचे कारण कोणी सांगावे?

जपानचा सम्राट मेइजी याची अंत्ययात्रा १३ सप्टेंबर १९१२ रोजी निघाली. त्याच रात्री सेनापती नोगी आणि त्यांच्या पत्नी शिझुको यांनी आपले जीवन संपविले. धन्यामागून सेवकाने मरण पत्करण्याची चाल, 'जुन्शी', तोकुगावा राजवटीने १६६३ मध्येच निषिद्ध ठरविली होती. साहजिकच या घटनेने खुद्द जपान गोंधळून गेला. कोणी तिला स्वामिभक्तीचा कळस म्हटले, कोणी कालबाह्य वेड. दूरच्या जगातील पुष्कळांनी मात्र 'जपानी स्वभाव' एवढे दोन शब्द उच्चारून प्रश्न मिटविला.

तो तसा मिटत नाही. नोगींनी मागे ठेवलेल्या पत्रात कारण वेगळेच आहे. १८७७ च्या सात्सुमा बंडात त्यांच्या पलटणीचे निशाण शत्रूच्या हाती गेले होते. ती लाज त्यांनी ३५ वर्षे उराशी बाळगली. पुढे रशियाशी झालेल्या युद्धात, पोर्ट आर्थरच्या वेढ्यात, त्यांच्या हुकमाखाली हजारो सैनिक पडले. १९०४ मध्ये त्याच युद्धात त्यांचे दोन्ही मुलगे गेले. स्वामिभक्ती, लज्जा, पुत्रशोक, यांतील खरे कारण कोणते? बहुधा कोणतेही एकटे नव्हे. रूढीने त्या दुःखाला एक लोकमान्य भाषा मात्र दिली.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूर्केम यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात परार्थी आत्महत्येचा एक वर्ग कल्पिला आणि हिंदू विधवांचे सहगमनही त्यात घातले. व्यक्तीवरील समाजाची पकड अतिशय घट्ट झाली म्हणजे असे घडते, हे त्यांचे म्हणणे मार्मिक आहे. पण पकड इतकी घट्ट असेल, तर त्या कृतीला स्वेच्छा कितपत म्हणावे? १७७२ मध्ये थेऊरला थोरल्या माधवरावांमागून रमाबाई सती गेल्या. त्यांच्या समाधीपुढे आपण हात जोडतो. त्यांच्या मनीचे काही ती सांगत नाही.

शिझुकोबाईंचेही तसेच. ज्या पत्रातून नोगींचा हेतू कळतो, त्यातच पत्नीच्या पुढील आयुष्याविषयी सूचना आहेत. अर्थात ते लिहिताना त्या मागे राहतील, असेच त्यांनी धरले होते. मग त्यांचा निर्णय केव्हा झाला, कोणत्या दडपणाखाली झाला? हे विचारण्याआधीच लोकांनी पतिनिष्ठा हा शब्द पुढे केला.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरण्यास सांगितले. जिवंतांविषयी कायद्याने मान्य केलेली ही आस्था मृतांच्याही वाट्याला यावी. रूढीचे नाव सांगून झाल्यावर त्या माणसाचे दुःख सांगावयाचे उरतेच.