चुकीच्या पट्टीतली प्रार्थना

रमझानची रात्र होती आणि सहेरीला अजून अवकाश होता. एका मित्राने उतरवून दिलेली कॅसेट मी अगदी हळू आवाजात लावली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधले वृंदगान, संचालक डेव्हिड विलकॉक्स, ध्वनिमुद्रण मार्च १९६३चे. रचना ग्रेगोरिओ अलेग्री यांची, नाव ‘मिझरेरे’. साथीला वाद्य एकही नाही. लय विलंबित. शब्द थांबला तरी त्या दगडी कमानींतून त्याचा नाद फिरतच राहतो आणि गाणारे त्याची वाट पाहतात.

मग बारा वर्षांच्या एका मुलाचा आवाज उंच चढत जातो. पेटीवरच्या मधल्या पांढरी एकपासून दोन सप्तके वरचा सा! हा मुलगा म्हणजे रॉय गुडमन. पुढे तो व्हायोलिनवादक आणि संगीत-संचालक झाला.

या गाण्याचे शब्द बायबलमधल्या ५१व्या स्तोत्राचे आहेत. ते दाऊदच्या पश्चात्तापाचे स्तोत्र मानले जाते. आमच्याकडे गोड गळ्याला ‘लहने दाऊदी’ म्हणतात. दाऊदबरोबर पर्वत आणि पक्षीही स्तुती करीत, असे कुराण सांगते. त्याने गुडघे टेकून क्षमा मागितल्याचेही सांगते. त्यामुळे गाणे परके असले तरी त्यातला भाव मला परका वाटला नाही.

अलेग्री हे धर्मगुरू होते. १६२९ साली ते पोपच्या गायकवृंदात दाखल झाले आणि १६३०च्या दशकात त्यांनी ही रचना केली. एका वृंदात पाच आवाज, दुसऱ्यात चार. शेवटी दोन्ही मिळून नऊ. रोममधल्या सिस्टाइन चॅपलमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात ती गायली जाई. एकेक मेणबत्ती विझवत नेत आणि अंधार झाला की हे सूर उठत. अखेरच्या कडव्यात लय आणखी धिमी होई आणि आवाजही मेणबत्तीसारखे विझत जात. १७७० साली चौदा वर्षांच्या मोझार्टने ही रचना तिथे ऐकली आणि घरी येऊन आठवणीने लिहून काढली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

मला मात्र दुसरी एक हकीकत अधिक जवळची वाटते. ती चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीत-इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. सम्राट लिओपोल्ड पहिला याने पोपकडून या रचनेची प्रत मागवली आणि व्हिएन्नात उत्तम गायकांकडून ती गाऊन घेतली. गाणे अगदीच साधे निघाले. आपल्याला खोटी प्रत दिली, असे वाटून सम्राट रागावला आणि रोमच्या संगीतप्रमुखाची नोकरी गेली. प्रत खरीच होती. पण हरकती, मुरक्या आणि लय सैल सोडून पुन्हा धरण्याची रीत कागदावर उतरलीच नव्हती. ती गायकांच्या गळ्यात होती.

आता त्या उंच सा विषयी. तो अलेग्रींनी लिहिलेलाच नाही. १८३१ साली मेंडेल्सोन रोमला गेला, तेव्हा त्याच्या कानावर हे गाणे नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत पडले. सा पासून मध्यम जितका वर, तितके ते वर होते. त्याने जे ऐकले तेच टिपले. पुढे १८८०च्या सुमारास ग्रोव्हच्या संगीतकोशात नमुना छापताना मेंडेल्सोनचा तुकडा मूळ पट्टीतल्या ओळीला जोडला गेला. १९५१ साली आयव्हर ॲटकिन्स यांनी इंग्रजी आवृत्ती केली, तीही याच जोडावर. किंग्जच्या मुलांनी गायली ती हीच.

आपल्याकडे तंबोरा जुळला की मैफल संपेपर्यंत षड्ज हलत नाही. इथे कडव्याच्या मधोमध पट्टीच बदलते. अंधाऱ्या खोलीत अचानक खिडकी उघडावी, तसे वाटते. ही खिडकी कोणी योजून ठेवली नव्हती; भिंत बांधताना माप चुकले, एवढेच.

हे वाचले तेव्हा मी थोडा खट्टू झालो. मग आमच्या गावचे एक चाचा आठवले. मौलूदच्या रात्री एका ओळीवर ते छापील पुस्तकात नसलेला शब्द घालत आणि सूर खूप वर नेत. मी नुकताच बी.ए. झालो होतो. चारचौघांत पुस्तक दाखवून मी त्यांची चूक काढली. त्यांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी ती ओळ त्यांनी पुस्तकाबरहुकूम म्हटली. चूक एकही नव्हती, पण त्या वर्षी त्या ओळीवर कुणाचे डोळे भरले नाहीत. चाचा गेले. तो सूर आता कुणालाच येत नाही. व्हिएन्नाच्या सम्राटासारखी माझ्याजवळही खरी प्रत तेवढी उरली.

याचा अर्थ चूक दाखवू नये असा नाही. इतिहास खरा सांगायलाच हवा. आज संशोधक अलेग्रींची मूळ पट्टी पुढे आणतात, ते योग्यच आहे. पण चूक दाखवताना समोरच्याचा गळा मिटू नये, एवढे भान मला त्या वयात नव्हते. दाऊदचे स्तोत्र आहे तरी कशाविषयी? चुकलेल्या माणसाने मागितलेल्या क्षमेविषयी. ती क्षमा इतकी वर्षे एका चुकीच्या पट्टीतून मागितली गेली आणि ऐकणाऱ्यांची हृदये त्याच सुराने हलली.

मी ती कॅसेट अजूनही लावतो. तो उंच सा येतो, तेव्हा चाचांची क्षमा मागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)