पहाणीतील दोन रकाने

वंशभेद म्हटला की आपल्यासमोर दक्षिण आफ्रिका उभी राहते, अमेरिका उभी राहते. पैनगंगेकाठचे आपले भीमपूर काही उभे राहत नाही. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन यांच्या १९९९ च्या अहवालाने सांगितले की, हा दोष केवळ माणसांच्या मनात नसतो, संस्थेच्या नित्याच्या कामकाजातही मुरलेला असतो. हे वाचले आणि नोकरीत हाताळलेली पहाणीपत्रके आठवली.

पहाणीत खातेदाराचा रकाना वेगळा आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचा वेगळा. निजामी अमलात गोंडांची बरीचशी शेती 'शिवाय जमाबंदी'ची होती, म्हणजे जमीन कसायची, सारा भरायचा, पण पट्टा नाही. जागा बदलत कसण्याची त्यांची रीत. विसाव्या घेत पडलेली जमीन सरकारदप्तरी कोणाचीच नव्हती. पुढे राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, त्यात वस्त्याच्या वस्त्या अडकल्या. रेल्वे आली, कापसाला भाव आला आणि नदी उतरून कुटुंबे येऊ लागली. तुमचे-आमचे आजे-पणजे त्यांतलेच. ते लुटारू नव्हते. कष्टाळू होते, पापभीरू होते. पट्ट्यासाठी अर्ज कोठे द्यावा हे त्यांना ठाऊक होते आणि पटवाऱ्याशी ते आपल्याच भाषेत बोलू शकत. गोंडाजवळ यातले काहीच नव्हते. कोणी कोणाचा द्वेष न करताही जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

१९४० साली जोडेघाटला कोमराम भीम मारले गेले, तेव्हा कोठे सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या अभ्यासाचे काम आले. १९४३ मध्ये मारलवाईला शिक्षक-प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत होती. (आपल्या लिपीचा गोंडांना झालेला हा उपयोग आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?) १९५९ चा भूहस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगणात लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन मुळात आदिवासीचीच, असे गृहीत धरले. तसे नसल्यास सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर टाकला.

आपल्या घरांतून या कायद्याबद्दल कडवट बोलले जाते. तो सरसकट आहे आणि त्यात गरीब बिगर-आदिवासी शेतकरीही भरडला गेला, हे मला मान्य आहे. परंतु पुरावा मागण्याची दिशा तेवढी उलटली. आधीची कित्येक वर्षे तो गोंडाकडेच मागितला जात होता. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमले ते याच जमिनीसाठी. गोळीबारात सरकारी आकड्याप्रमाणे १३ जण दगावले.

माझ्या नोकरीच्या प्रारंभी एका कचेरीत एक वृद्ध गोंड साऱ्याच्या पावत्यांचे गाठोडे घेऊन आले. पावत्या वर्षानुवर्षांच्या, पण सगळ्या दुसऱ्याच्याच नावाच्या. आमच्या घरी साठीच्या गोंडालाही 'अरे' म्हणत. त्या दिवशी मीही तसेच म्हटले. समोरच्या खुर्चीवर एक व्यापारी बसलेला होता, वृद्ध उभे होते. पावतीवर नाव नसलेल्याचा अर्ज घेण्याची तरतूद नव्हती. मी शिरस्त्याप्रमाणे शेरा लिहिला आणि गाठोडे परत दिले. त्यांनी ते पुन्हा नीट बांधले आणि जाताना मला रामराम केला.